किती लागतील?

मंगाईची यात्रा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पिल्लू मला सापडलं. आषाढातल्या त्या आठवड्यात बेळगावच्या आमच्या वडगावात एकही घर रिकामं नसतं. येळ्ळूरचे, अनगोळचे, चंदगडकडचे पाहुणे येतात, दारात चपलांचा ढीग पडतो आणि घराघरातून रश्शाचा वास सुटतो. यात्रा ओसरली की गल्ली सुस्तावते. विणकरांचे माग बंद असतात आणि गल्लीतली कुत्री कोपऱ्याकोपऱ्यात टाकलेली हाडं चघळत पडलेली असतात. त्या सकाळी रिपरिप पाऊस होता. आत्याला येळ्ळूर रोडवर बसमध्ये बसवून मी परत येत होते. गटारीच्या कडेला कुणीतरी बांधकामासाठी खडी ओतली होती, त्या ढिगाआड काहीतरी हललं. अंग काळं, पुढचे दोन्ही पंजे पांढरे. मला बघून ते उठलं आणि माझ्याकडे यायला निघालं. तीन पायांवर. मागचा उजवा पाय लोंबत होता आणि ते पुढं सरकलं की झोका खात होता.

उचलताना ते माझ्या अंगठ्याला चावलं. दुखऱ्या जिवाला हात लावला तर तो चावणारच. मी ओढणीत गुंडाळून त्याला घरी आणलं.

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर करून आधी ओढणीतलं नाक बघितलं, मग पाय बघितला. "मोडलाय," म्हणाली. परातीच्या कडेचं पीठ बोटांनी गोळा करत तिनं विचारलं, "किती लागतील?"

मला इतका राग आला की मी उत्तरच दिलं नाही. कुठं सापडलं, कुणी उडवलं, काय खाल्लंय का, हे काही नाही. पहिला प्रश्न पैशाचा. मी तिशी ओलांडलेली बाई, शहापुरात एका सुताच्या दुकानात हिशोब लिहिते, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे बघते, आणि घरी आल्यावरही आकडाच? असं मला त्या क्षणी वाटलं. आज वेगळं वाटतं, पण ते पुढं सांगते.

आज्जीचं लक्ष मात्र माझ्या अंगठ्याकडं गेलं. आज्जी मूळची चंदगडकडची. तिच्या लहानपणी गावातला एक गडी पिसाळलेलं कुत्रं चावून गेला, ते तिनं डोळ्यांनी बघितलेलं. तिनं माझं मनगट धरून मला नळाखाली नेलं, हातात साबण दिला आणि शेजारी उभी राहून "अजून धू, अजून धू" म्हणत राहिली. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण तेच बरोबर आहे. चावलेली किंवा ओरखडलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद नाही, चुना नाही, मिरचीपूड तर नाहीच. आणि लहान पिल्लू आहे, त्याला कसला रेबीज, असंही धरून चालायचं नाही. पिल्लालाही होतो. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. दंडात घेतली तर पहिला डोस लगेच, तो दिवस शून्य धरून मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पोटात चौदा इंजेक्शनं हा काळ कधीच संपला, तरी आमच्या गल्लीत अजून निम्मी माणसं त्या चौदाच्या भीतीनं चावलेलं लपवतात. मी सगळे डोस घेतले. पिल्लाला मदत करायची असेल तर आपला अंगठा आधी बघावा लागतो, हे मी आता कुणालाही पहिल्यांदा सांगते.

दुसरी गोष्ट सांगणं जड जातं, पण सांगितलीच पाहिजे.

मी बारावीला होते तेव्हा आमच्या दारात एक तपकिरी पिल्लू असायचं. ढोल्या. त्याच्या पायावरून मोटारसायकल गेली. तेव्हाही पैसे नव्हते आणि डॉक्टरकडं न्यावं हे सुचलंही नव्हतं. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, कंबरदुखीच्या गोळ्या फळीवर होत्या. माणसाचं दुखणं थांबतं तर त्याचंही थांबेल, असं वाटून मी अर्धी गोळी कुस्करून दुधातून दिली. संध्याकाळी ढोल्या जरा चालला. मला कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी दिली. तिसऱ्या दिवशी त्याला काळी, डांबरासारखी हगवण लागली, उलटीत रक्त पडलं, आणि चौथ्या दिवशी पहाटे तो पायरीखाली गार झालेला सापडला. मी सगळ्यांना सांगितलं की मोटारसायकलीनं मेला. कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं. आपल्या घरातल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला भोकं पाडतात, मूत्रपिंडं निकामी करतात. पॅरासिटामॉलही त्याच्या यकृताला झेपत नाही, आणि मांजराला तर ती एक गोळी पुरते. हेच डायक्लोफिनॅक गुरांना टोचलं जायचं, आणि ती गुरं मेल्यावर खाऊन आपल्याकडची गिधाडं पटापट मेली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. एका औषधानं आभाळ रिकामं केलं आणि मी ते प्रेमानं दुधात कालवलं होतं. कुत्र्यांना चालणारी वेदनाशामक औषधं वेगळी असतात, ती वजनावर मोजून द्यायची असतात आणि ती डॉक्टरच देतात. घरात पैसे नसले की हात आपोआप फळीवरच्या डब्याकडं जातो. तो हात आवरा. एवढं एक केलं तरी पुष्कळ आहे.

तर या वेळी मी गोळी दिली नाही. केळीच्या खोक्यात जुनं लुगडं अंथरलं, पिल्लाला आत ठेवलं आणि झाकण अर्धं ओढून घेतलं. हाड मोडलेल्या जिवाला पहिलं औषध हेच, हलू न देणं. घरच्या घरी पट्ट्या बांधायच्या नाहीत. चुकीच्या जागी आवळलेली पट्टी मोडलेल्या हाडापेक्षा जास्त नुकसान करते. आज्जीनं कोमट पाण्यात भाताची पेज कालवून दिली. तिनं म्हशीचं दूध काढलं होतं, ते मी थांबवलं, कारण नुसत्या दुधानं पिल्लं ढाळतात. त्यानं पेज चाटूनपुसून संपवली आणि थोड्या वेळानं लुगड्यावरच मुतलं. आईनं कपाळावर आठी घातली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की ते मुतणं ही त्या दिवसातली सगळ्यात चांगली बातमी होती. गाडीनं उडवलेल्या जनावराची मूत्राशयाची पिशवी फाटू शकते. पाय आपल्याला दिसतो म्हणून आपण पायाकडंच बघत बसतो आणि जनावर आतल्या आत जातं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आज्जी रिक्षानं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. अप्पा मागावर, आई कांड्या भरायला. आज्जीनं हट्टानं सोबत येते म्हटलं, खोकं मांडीवर घेऊन बसली. दवाखान्यात दोन शेळ्या, एक गाय, एक अंडं अडकलेली कोंबडी आणि आम्ही. टेबलाशी बसलेल्या कंपाउंडरनं खोक्यात डोकावून विचारलं, "मरीगे एनागेदरी?"

आज्जीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझा हात घट्ट धरला. "काय म्हणतोय गं हा? मरी म्हणतोय?"

कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लू. नायी मरी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. आया आपल्या लेकरालाही लाडानं मरी म्हणतात. पिल्लाला काय झालंय, एवढंच तो विचारत होता. पण चंदगडच्या बाईच्या कानाला मरी म्हणजे मरीआईची मरी, गाव रिकामं करणारी. मी तिला समजावून सांगितलं. ती मान हलवत राहिली, पण विश्वास बसला नव्हता. आमच्या या पट्ट्यात जन्म काढलेल्यांना असे शब्द उंबऱ्यासारखे ओलांडायची सवय असते. बोर्ड कन्नडमध्ये, केस पेपर कन्नडमध्ये, बोलणं अर्धं अर्धं. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, कन्नड एक विषय म्हणून होता. वाचते, पण बोट ठेवून. केस पेपरवर नावाच्या रकान्यात कंपाउंडरनं न विचारताच 'मरी' लिहून टाकलं, आणि तेच नाव पडलं. घरात आज्जी सोडून सगळे तिला मरी म्हणतात. हो, ती कुत्री निघाली, हेही तिथंच कळलं.

डॉक्टर मुधोळकडचे होते. त्यांचं मराठी आमच्या कन्नडइतकंच, पण हात बोलके होते. मोडलेल्या पायाला त्यांनी सगळ्यात शेवटी हात लावला. आधी ओठ उचलून हिरड्या बघितल्या. गुलाबी होत्या. पांढऱ्या असत्या तर आत रक्तस्राव, नाहीतर जंतांनी किंवा गोचिडांनी रक्त शोषलेलं. दुधाचे दात पूर्ण आलेले म्हणून वय आठ आठवड्यांच्या आसपास धरलं. मग चांगला पाय बोटांपासून कमरेपर्यंत चाचपला, आणि मग दुखरा, त्याच क्रमानं, त्याच जागी थांबत. बोटाच्या बेचक्यात चिमटा काढला तेव्हा मरी केकाटली आणि डॉक्टर हसले. "नोवु इदे. दुखतंय. चांगलं आहे. नस शाबूत आहे."

त्यांच्याशी आणि पुढच्या महिनाभरात त्यांच्या बाकावर बसलेल्या माणसांशी बोलून लंगडण्याबद्दल मला जे समजलं ते असं. पिल्लू पाय टेकवत असेल, खातपीत असेल, शेपूट हलवत असेल, तर घाबरून धावाधाव करायची गरज नसते. आधी उजेडात बसून पंजा बघावा. दोन बोटांच्या मधे काटा, काच, रस्त्याचं डांबर किंवा फुगलेली गोचीड असते आणि ती चिमट्यानं निघते. दुसऱ्या कुत्र्याचा दात लागलेला असला तर वरून एवढंसं भोक दिसतं आणि आत पू होतो, ते मात्र दाखवावं लागतं. दोन दिवस खोक्यात ठेवून फरक पडत नसेल तर दाखवायचंच. आज या पायानं, उद्या त्या पायानं लंगडत असेल, पाय धनुष्यासारखे वाकलेले असतील, तर बहुतेक वेळा तो मार नसतो, खाण्याची आबाळ असते. नुसता भात, नुसती चहा-बिस्किटं. पण पाय अजिबात टेकवत नसेल, लोंबत असेल, हाड बाहेर दिसत असेल, मागचे दोन्ही पाय ओढत असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा मार लागल्यापासून मुतलेलंच नसेल, तर त्यात दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं नाही. आम्ही यात्रेची सुट्टी म्हणून दोन दिवस काढले. मुतली म्हणून निभावलं.

डॉक्टर म्हणाले, मोड आहे, पण नक्की कुठं ते हातानं सांगता येत नाही. त्यांच्याकडं एक्स-रे नव्हता. मी मग धीर करून विचारलं. आमच्याकडं जेमतेम हजार-बाराशे होतील, त्यात सगळ्यात गरजेचं काय? हे विचारताना मान खाली गेली होती. त्यांनी मात्र ते अगदी सहज घेतलं. एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर एक्स-रेवर घाला, म्हणाले. गुडघ्याखालची नळी मोडली असेल तर कामट्या बांधून जुळेल, पिल्लाचं हाड तीन-चार आठवड्यांत धरतं. पण मांडीचं हाड असेल तर बाहेरून बांधून उपयोग नाही. मांडी वर रुंद आणि खाली निमुळती असते, त्यामुळं पट्टी खाली घसरते आणि मोडाच्या खाली वजन लोंबत राहतं. तिथं ऑपरेशनच.

शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात दोन बाजूंनी एक्स-रे काढला, साडेआठशे रुपये. तिथल्या डॉक्टरांनी आधीच प्रामाणिकपणे सांगून ठेवलं होतं की प्लेट घालायची वेळ आली तर अठरा हजारांच्या घरात जाईल. अठरा हजार म्हणजे अप्पांचे दीड महिन्याचे मागावरचे पैसे, तेही वीज गेली नाही आणि सूत वेळेवर आलं तर. फिल्म उजेडासमोर धरेपर्यंत त्या बाकावर मी जे काही मनात बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो आकडा भरणं आम्हाला शक्य नव्हतं, आणि नाही म्हणून तिला उचलून घरी न्यायचं धाडसही माझ्यात नव्हतं.

नळीच मोडली होती. कोवळी फांदी वाकवली की एका बाजूनं तुटते आणि दुसऱ्या बाजूची साल धरून राहते, तसा मोड.

त्या संध्याकाळी मी हिशोब आईपुढं ठेवला. रिक्षा, केस पेपर, एक्स-रे, कापूस, पट्ट्या, पुढच्या चार खेपांची रिक्षा. ती ऐकत होती, बोटांची पेरं मोजत होती. आणि मला एकदम आठवलं. मी सातवीत असताना अप्पांचं बोट मागात सापडलं होतं. शेजारचे मामा त्यांना रक्ताळलेल्या टॉवेलसकट घेऊन दारात उभे राहिले तेव्हा आई रडली नव्हती, ओरडली नव्हती. तिनं मामांना विचारलं होतं, "किती लागतील?" मग आतल्या खोलीत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि हातात पुडी घेऊन ती बाहेर पडली. बांगड्या होत्या हे मला फार नंतर कळलं.

जो द्यायला निघालेला असतो तोच किती लागतील विचारतो. ज्याला द्यायचं नसतं त्याला आकड्याशी काय करायचंय? तो म्हणतो, अगाई, बिचारं. तो म्हणतो, जगलं तर जगलं. आमच्या गल्लीतनं त्या दोन दिवसांत किमान दहा माणसं बिचारं म्हणून गेली. वाईट नव्हती ती, पण बिचारं म्हटल्यावर पुढं काही करायचं उरत नाही. आईनं मात्र भाकरीचं पीठ हातावर असतानाच कामाला सुरुवात केली होती आणि मी तिच्यावर रागावले होते. गरिबाच्या घरात माया आकड्यांतून बोलते. आकडा कळला तर कुठनं आणायचं ते ठरवता येतं, कुठलं काम चार दिवस पुढं ढकलायचं ते ठरवता येतं, आणि झेपणारच नाही असा आकडा असेल तर निदान त्या जिवाला वेदनेत लटकवत न ठेवता डॉक्टरांना दुसरा रस्ता विचारता येतो.

आईनं भिशीचे पाचशे काढले. पुढं तिनं जे केलं ते मला सुचलं नसतं. श्रावण तोंडावर होता, गणपतीच्या वर्गणीला पोरं यायला लागली होती. तिनं त्यांना चहा दिला, वर्गणी दिली, आणि एक रिकामा बोर्नव्हिटाचा डबा पुढं केला. "आता तुम्ही मला द्या." पोरं बघतच राहिली. मग पन्नास-वीस-दहा असं करत एकशे ऐंशी जमले. अप्पांच्या सावकारानं शंभर दिले. शेजारच्या अक्कानं पैसे दिले नाहीत, रोज एक अंडं देते म्हणाली आणि महिनाभर एक दिवस चुकली नाही. अक्का मराठी दोन वाक्यांच्या पुढं बोलत नाही, आज्जी कन्नड एका शब्दाच्या पुढं बोलत नाही, आणि रोज दुपारी दोघी खोक्याच्या दोन बाजूंना बसून तासभर गप्पा मारायच्या.

कामट्या अप्पांनी केल्या. डॉक्टरांनी हातानं माप दाखवलं होतं आणि कोन दाखवला होता. पाय सरळ काठीसारखा बांधायचा नसतो, कुत्रं उभं राहिल्यावर असतो तसाच किंचित वाकलेला ठेवायचा, मोडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून. अप्पा रात्री मागाखालच्या बल्बच्या उजेडात बसले. बांबूचा एक जुना तुकडा काढला, सुरीनं उभा चिरला, बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या काढल्या. दिव्याच्या आचेवर धरून हळूहळू वाकवल्या, ओल्या फडक्यात दाबून गार केल्या, पुन्हा आचेवर. मग बाटलीच्या काचेच्या तुकड्यानं तासायला लागले. काचेखालून धाग्यासारख्या सालपटी निघत होत्या. मधेच थांबून ते पट्टी गालावरनं फिरवायचे. अर्ध्या बोटाच्या अप्पांना बोटापेक्षा गालाला खरबरीतपणा लवकर कळतो, तीस वर्षं सुताची गाठ ते तशीच शोधतात. गालाला काही लागेनासं झालं तेव्हा म्हणाले, "घे. ही टोचणार नाही." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्या कामट्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या आणि विचारलं, तुमचे वडील सुतार आहेत का?

आधी कापसाचा जाड थर, त्यावर पट्टी, मग कामट्या, मग पुन्हा पट्टी. मधली दोन बोटं मुद्दाम उघडी ठेवलेली. ती बोटं म्हणजे आमचं घड्याळ झालं. रोज सकाळी आणि झोपायच्या आधी मी खोक्याशी बसून ती बघायची. दोन नखं एकमेकांना खेटून असली, बोटं कोमट असली तर सगळं ठीक. नखं फाकली, बोटं फुगली, गार पडली किंवा वास यायला लागला तर पट्टी आवळतेय, रक्त पोचत नाहीये, तसंच डॉक्टरांकडं पळायचं. हाड नीट जुळून येत असताना आवळलेल्या पट्टीनं पाय सडून कापावा लागलेली पिल्लं त्यांनी बघितली होती. दहाव्या दिवशी रात्री मला नखं फाकल्यासारखी वाटली. पाऊस मुसळधार, बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर रोडकडच्या भातात शिरलेलं, वीज गेलेली. मेणबत्ती धरून मी आणि आई ती दोन बोटं अर्धा तास बघत बसलो. मी माझ्या तळहातात धरली, आईनं तिच्या ओठांना लावून बघितली. "कोमट आहेत," आई म्हणाली. "झोप." सकाळी डॉक्टरांनी पट्टी बदलली. आवळली नव्हती, पण पिल्लू वाढत होतं, म्हणून तसंही आठवड्याला बदलायचीच होती. पट्टी भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीचा मोजा घालायचा आणि पाऊस थांबला की लगेच काढायचा, नाहीतर आत घाम साचतो.

खाण्याचं फार काही नव्हतं. मऊ भात, अक्काचं उकडलेलं अंडं, रविवारी खासबागच्या बाजारातनं आणलेलं कोंबडीचं थोडं मांस, हाडं काढून. शिजवलेलं कोंबडीचं हाड सुईसारखं फुटतं आणि आतड्यात घुसतं. यात्रेनंतर आपण कुत्र्यांपुढं प्रेमानं टाकतो ती तीच हाडं. मी कॅल्शियमचं औषध आणू का विचारलं तर डॉक्टर नको म्हणाले. अंड्याचं टरफल वाळवून वाटलेली चिमूटभर पूड पुरे, जास्त कॅल्शियमनं पिल्लाची हाडं उलट बिघडतात.

बाकावर एकदा कुणीतरी म्हणालं, गावठी कुत्रं आहे, एवढं कशाला, मुधोळ असतं तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. मुधोळ हाऊंडला काय मान आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांच्या गावाजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचं त्या जातीसाठी केंद्र आहे, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर ते कुत्रं झळकलंय. ते एवढंच म्हणाले की मुधोळच्या पिल्लाची नळीसुद्धा याच जागी मोडते आणि तितक्याच दिवसांत जुळते. आणि वाकून पट्टी गुंडाळायला लागले. तिथंच मला कळलं की गाईगुरांसाठी १९६२ नंबरला फोन केला की दवाखान्याची गाडी दारात येते. येळ्ळूरच्या आत्याच्या म्हशीला ती गाडी पुढं उपयोगी पडली. कुत्र्यासाठी मात्र आपल्यालाच खोकं मांडीवर घेऊन जावं लागतं.

सव्वीस दिवसांनी कामट्या सुटल्या. पाय काडीसारखा बारीक झाला होता, केस झडले होते, आणि मरीला तो आपला आहे हेच आठवत नव्हतं. तीनच पायांवर उड्या मारायची. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं आईनं तिला रोज संध्याकाळी ओसरीवर उभी करून चांगला पाय दोन बोटांनी अलगद उचलून धरायला सुरुवात केली, मोजून दहा अंक. म्हणजे वजन दुखऱ्या पायावर यावं. पाचव्या दिवशी तिनं तो टेकवला. थरथरला, पण टेकवला. आज ती पळते. पावसाळी हवेत जरा लंगडते, पायरी उतरताना अंग तिरकं करते, आणि ते तसंच राहील असं डॉक्टर म्हणाले.

रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर द्यायची आहे, आणि सहा महिन्यांची झाली की नसबंदी, नाहीतर पुढच्या यात्रेला खडीच्या ढिगाआड तिचीच पिल्लं असतील. डबा आईनं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलाय. येताजाता कुणी पाच-दहा टाकतं, काल मोजले तर ३२० निघाले. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांच्या काळ्या फुल्या आहेत, त्यांच्यामधे आईनं दोन तारखांना निळ्या पेनानं गोल केलाय. लसीच्या तारखेखाली बारीक अक्षरात रिक्षाचे ऐंशीही लिहून ठेवलेत.